आफ्रिकी स्थलांतरितांच्या कथा-कादंबऱ्या : ओळख, लैंगिकता आणि परदेशातलं शरीर

लिंबोणी

आफ्रिकेतून युरोप-अमेरिकेत गेलेल्या माणसांवरच्या कथा-कादंबऱ्यांबद्दल आपल्याकडे बोलणं निघालं की ते बहुतेक वर्णद्वेष, केस, उच्चार आणि घरची ओढ यांवरच थांबतं. नायजेरियन लेखिका चिमामांडा न्गोझी अदिचीची 'अमेरिकाना' (२०१३) पुष्कळांनी वाचलेली असते. तिच्यातल्या वेण्या घालायच्या सलूनवर भरभरून बोललं जातं, पण त्याच कादंबरीतला एक प्रसंग सहसा कुणी काढत नाही.

इफेमेलू फिलाडेल्फियात शिकायला आलेली आहे. काम करायची परवानगी नाही, म्हणून ती दुसऱ्याच एका बाईच्या कार्डावर, त्या बाईच्या नावाने नोकऱ्या शोधत फिरते. कुठेच काही जमत नाही, भाडं थकतं. शेवटी ती टेनिस शिकवणाऱ्या एका गोऱ्या माणसाकडे जाते. त्याला हवं असतं ते फक्त 'निवांत वाटणं'. ती त्याला हात लावू देते, शंभर डॉलर घेऊन परत येते आणि त्यानंतर नायजेरियात मागे राहिलेल्या ओबिंझेला उत्तरं देणं बंद करते. ओबिंझे तिच्या आयुष्यातलं सगळ्यात खरं माणूस आहे. दोघांची पुढची अनेक वर्षांची ताटातूट या एका प्रसंगातून निघते. तिकडे ओबिंझे लंडनमध्ये दुसऱ्याच्या, नोकरीसाठी लागणाऱ्या विमा क्रमांकावर, 'व्हिन्सेंट' या नावाने राबतो, कागद मिळावेत म्हणून पैसे देऊन लग्न ठरवतो आणि ऐन लग्नाच्या दिवशी पकडला जाऊन परत पाठवला जातो.

म्हणजे एकीचं शरीर भाड्यासाठी, दुसऱ्याचं लग्न कागदांसाठी. ही प्रेमकथा आहे असं आपण म्हणतो, आणि ती आहेच. पण प्रेम कुणी कुणावर, कुठे, कोणत्या नावाने करायचं हे त्यात व्हिसा ठरवतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की या लेखनातली लैंगिकता कागदपत्रांपासून वेगळी काढून वाचताच येत नाही. 'आफ्रिकेत कोंडमारा, पश्चिमेत मोकळीक' अशी एक तयार चौकट आपल्या डोक्यात असते. समीक्षकही ती सर्रास वापरतात. चांगल्या कथा मात्र त्या चौकटीत बसत नाहीत. परदेशात पोचलेल्या माणसाच्या इच्छेवर नवा पहारा बसतो, एवढंच.

अदिचीच्याच 'द थिंग अराउंड युअर नेक' (२००९) या संग्रहातल्या दोन कथा मला या बाबतीत फार मोलाच्या वाटतात.

'ऑन मंडे ऑफ लास्ट वीक'मधली कामारा फिलाडेल्फियात एका श्रीमंत घरात मुलगा सांभाळते. नवऱ्याने तिला बोलावून घेण्यात वर्षं गेलेली असतात. ती पोचते तेव्हा तिला तो नवरा ओळखीचाच वाटत नाही. मुलाची आई ट्रेसी चित्रकार आहे, ती दिवसभर तळघरात काम करत असते. एक दिवस ती वर येते, कामाराच्या हनुवटीला हात लावते आणि आपल्या चित्रासाठी कपडे काढून बसशील का असं विचारते. बस्स. त्यानंतर कामारा आरशात स्वतःकडे बघायला लागते, जेवण आवरतं घेते, त्या पावलांची वाट बघते. कथेत या भावनेला कुठेही नाव दिलेलं नाही. कामाराला आपण 'कोण' आहोत असा प्रश्नही पडत नाही. तिला कुणीतरी पुन्हा बघितलं, एवढीच गोष्ट आहे. आणि शेवटी ट्रेसी तोच प्रश्न मुलाच्या फ्रेंच शिकवणाऱ्या बाईला विचारते, तेव्हा कामाराबरोबर आपणही खाली येतो. त्या घरात कामाराची जागा काय आहे हे आपण विसरलेलो असतो.

दुसरी 'द शिव्हरिंग'. प्रिन्स्टनमध्ये शिकणारी उकामाका आणि त्याच इमारतीत राहणारा चिनेडू. नायजेरियात विमान पडल्याची बातमी येते त्या दिवशी तो तिचं दार ठोठावतो, आपण मिळून प्रार्थना करू म्हणतो. ती आपल्या सोडून गेलेल्या प्रियकराबद्दल बोलत राहते. कधीतरी तो सांगतो की त्याचंही एका पुरुषावर प्रेम होतं आणि तो पुरुष दुसरीकडे लग्न करून मोकळा झाला. वाचकाला वाटतं की गुपित फुटलं. पण खरं गुपित अजून बाकीच असतं. चिनेडू विद्यापीठात शिकतच नाही, त्याचा व्हिसा केव्हाच संपलाय, त्याला देशाबाहेर काढण्याची कारवाई चालू आहे. ही गोष्ट तो प्रेमाच्याही नंतर सांगतो. अमेरिकेत राहणाऱ्या नायजेरियन समलिंगी पुरुषाला सगळ्यात जास्त काय लपवावं लागतं, याचं उत्तर अदिचीने नुसत्या या क्रमातून दिलंय.

आणखी एक, चिनेलो ओकपारांटाची 'अमेरिका' ही कथा ('हॅपिनेस, लाइक वॉटर', २०१३). पोर्ट हारकोर्टमधली शिक्षिका न्नेन्ना, तिची प्रेयसी ग्लोरिया आधीच अमेरिकेत पोचलेली. न्नेन्ना व्हिसाच्या मुलाखतीसाठी लागोसला जाते आणि तेलगळती कशी हाताळायची याचा अभ्यास करायचाय असं कारण देते. हे कारण खोटं नाही, नायजर नदीच्या त्रिभुज प्रदेशातल्या तेलाने तिचा परिसर खरोखर नासलाय. पण खरं कारण खिडकीपलीकडच्या माणसाला सांगायची सोय नाही.

तुम्ही वाचलेल्या अशा कथा-कादंबऱ्यांबद्दल लिहा. जुन्या असतील तर उत्तमच. मतभेद असतील तर तेही मोकळेपणी लिहा.

दक्षिणवारा

लिंबोणी, धागा फार आवडला. जुनं हवंय म्हणालात म्हणून लिहितो. तय्यब सालेह यांची 'सीझन ऑफ मायग्रेशन टू द नॉर्थ' (मूळ अरबी, १९६६) वगळून या विषयावर बोलणं अपुरं राहील.

मुस्तफा सईद हा सुदानी माणूस दोन महायुद्धांच्या मधल्या काळात लंडनमध्ये अर्थशास्त्र शिकवतो आणि गोऱ्या बायकांना एकामागून एक आपल्या जाळ्यात ओढतो. वसाहतवाद्यांनी माझा देश घेतला, मी त्यांच्या बायका घेईन, असा त्याचा उघड हिशोब आहे. तिघी आत्महत्या करतात. चौथी, जीन मॉरिस, त्याची बायको होते आणि तिला तो स्वतः ठार मारतो. सात वर्षं तुरुंगात काढून पुढे नाईलकाठच्या एका खेड्यात तो शेतकरी होऊन राहतो.

मला त्यातल्या दोन खोल्या विसरता येत नाहीत. लंडनमधली त्याची खोली चंदनाच्या आणि उदाच्या वासाने भरलेली. शहामृगाची पिसं, गालिचे, मोठमोठे आरसे. त्या बायकांच्या मनात जो 'पूर्वेकडचा पुरुष' आहे, तो त्याने त्या खोलीत मांडून ठेवलाय. त्याच्या मृत्यूनंतर खेड्यातल्या घरातली कुलूपबंद खोली निवेदक उघडतो, तर आत इंग्रजी धाटणीची शेकोटी आणि भिंतीभर पुस्तकं, सगळी इंग्रजी. लंडनमध्ये आफ्रिका विकायची आणि आफ्रिकेत लंडन दडवायचं. त्याचं स्वतःचं असं काय, तर काहीच नाही.

पण या कादंबरीचं कौतुक करताना पुष्कळजण मुस्तफापाशीच अडकतात. तिच्यातला खरा घाव हुस्ना बिंत महमूदच्या वाट्याला येतो. मुस्तफाची ही विधवा. तिचं लग्न सत्तरीच्या वद रय्यिसशी जबरदस्तीने लावलं जातं. तिने आधीच बजावलेलं असतं की असं झालं तर मी त्याला मारीन आणि स्वतःलाही मारून घेईन. आणि ती तसं करते. गोऱ्या साम्राज्याच्या नावाने बायकांच्या शरीरावर लढणारा मुस्तफा आणि रूढीच्या नावाने तेच करणारा वद रय्यिस यांना सालेह यांनी शेजारी शेजारी उभं केलंय. सुदानमध्ये ही कादंबरी पुढे काही काळ बंदीखाली होती.

पुण्यात आमच्या भागात सुदानी विद्यार्थी बरेच राहायचे. त्यातल्या एकाशी या पुस्तकावर बोललो होतो. त्याला मुस्तफाचा राग यायचा, कारण त्याच्या मते परदेशात गेलेल्या प्रत्येक सुदानी मुलाकडे लोक याच चष्म्यातून बघतात. हा राग मला समजला.

आंबेमोहर

दोन्ही प्रतिसाद वाचले. मला एक गोष्ट जोडायची आहे. लैंगिकता म्हटलं की चर्चा चटकन समलिंगी प्रेमाकडे जाते. तो भाग महत्त्वाचा आहेच, पण बाईने मूल कधी होऊ द्यायचं हासुद्धा याच विषयाचा गाभा आहे.

बुची एमेचेटा यांची 'सेकंड क्लास सिटिझन' (१९७४) वाचा. अदा ही नायजेरियातल्या इग्बो समाजातली बाई नवऱ्यापाठोपाठ लंडनला येते. ग्रंथालयात नोकरी, एकामागून एक बाळंतपणं, भाड्याच्या खोल्यांवर 'काळ्यांना जागा नाही' अशा पाट्या आणि घरात फ्रान्सिस. ती कुटुंबनियोजनाच्या दवाखान्यात जाते तर तिच्या हातात एक फॉर्म देतात, ज्यावर नवऱ्याची सही लागते. इंग्लंडात, साठच्या दशकात! अदा ती सही स्वतःच ठोकते आणि साधन घेऊन येते. फ्रान्सिसला कळतं तेव्हा तो तिला मारतो. बायको आता मोकाट सुटली असा त्याचा अर्थ. म्हणजे नायजेरियन नवरा आणि ब्रिटिश दवाखाना या दोघांचंही तिच्या शरीराच्या मालकीबद्दल एकमत आहे! लिंबोणींनी 'नवा पहारा' म्हटलंय, तो इथे एका फॉर्मवर दिसतो.

मी प्रसूतिविभागात नोकरी केली आहे. सही कुणाची, या प्रश्नावर बाई कशी ताटकळते ते आपल्याकडेही बघितलंय. म्हणून तो प्रसंग मी जरा जास्तच जवळून वाचला असेन.

दुसरं पुस्तक चिका उनिग्वे यांचं 'ऑन ब्लॅक सिस्टर्स स्ट्रीट'. इंग्रजीत २००९मध्ये आलं, त्याआधी डच भाषेत. बेल्जियममधल्या अँटवर्पच्या काचेच्या खिडक्यांत गिऱ्हाइकांसाठी बसणाऱ्या चार आफ्रिकी बायका : सिसी, अमा, एफे आणि जॉयस. लागोसचा डेले त्यांना पाठवतो, त्याचं तीस हजार युरोंचं कर्ज प्रत्येकीच्या डोक्यावर. सिसी पदवीधर आहे, खरं नाव चिसोम, नोकरी मिळत नाही म्हणून निघालेली. जॉयसचं खरं नाव आलेक, ती सुदानमधल्या यादवीतून वाचलेली, आणि तिला कुठल्या कामासाठी नेतायत हे आधी माहीतही नसतं. कर्ज फिटेपर्यंत पासपोर्ट त्यांचं घर चालवणाऱ्या मॅडमकडे. सिसीचा खून झाल्यावर उरलेल्या तिघी पहिल्यांदा एकमेकींना आपली खरी गोष्ट सांगतात. तोवर एकाच घरात राहूनही त्यांना एकमेकींची खरी नावं माहीत नसतात.

या पुस्तकात मला सगळ्यात धाडसाची वाटली ती एक गोष्ट. उनिग्वे या बायकांना फक्त बळी म्हणून रंगवत नाहीत. त्यांच्यातल्या काहींनी हिशोब करून हो म्हटलेलं आहे. त्यांना चांगले बूट हवेत, घर हवंय, मुलाला शाळा हवी आहे. आणि तरीही त्यांच्यावर झालेला अन्याय तसूभरही कमी होत नाही. हे दोन्ही एकत्र सांभाळणं फार अवघड असतं.

त्याच्याही आधी घानाच्या अमा डार्को यांनी 'बियाँड द होरायझन'मध्ये जर्मनीत नवऱ्यानेच धंद्याला लावलेल्या माराची गोष्ट लिहिली. तीसुद्धा इंग्रजीच्या आधी जर्मनमध्ये आली होती.

पाणंद

वाचतेय. नावं टिपून घेतेय. यातलं पहिल्यांदा काय वाचावं?

तिसरी घंटा

चर्चा छान चालली आहे, पण मला एक शंका मनापासून आहे.

या लेखनापैकी बरंचसं न्यूयॉर्क-लंडनच्या प्रकाशकांनी काढलेलं, तिथल्या पुरस्कारांनी मोठं केलेलं. ओकपारांटांना लॅम्डा हे समलिंगी साहित्याचं अमेरिकी पारितोषिक, युगांडाच्या लेखिका अराक द न्येको यांना २००७चं केन पारितोषिक, तेही ब्रिटनमध्ये दिलं जाणारं. आफ्रिकेतला समलिंगी माणूस म्हणजे दुःखी, मारला जाणारा, पळून जाणारा, हीच कथा तिकडच्या वाचकाला हवी असते असं मला वाटत राहतं. लागोसमध्ये किंवा कंपालामध्ये राहून सुखाने जगणाऱ्या, भांडणाऱ्या, म्हाताऱ्या होणाऱ्या जोडप्याची गोष्ट कुठे आहे? स्थलांतर आलं की गोष्टीला आपोआप 'सुटका' हे वळण मिळतं. लिंबोणी म्हणतात की चांगल्या कथा ती चौकट मोडतात. पण विकल्या जातात त्या चौकटीमुळेच ना?

शिवाय लेखक स्वतः तिकडे स्थायिक. आपल्याकडे अनिवासी लेखक इथल्या खेड्यावर लिहितात तेव्हा आपण हाच प्रश्न विचारतो, मग यांना का नको?

लिंबोणी

तिसरी घंटा, प्रश्न रास्त आहे आणि आफ्रिकी लेखकही तो आपापसात विचारतात. पण दोन गोष्टी सांगते.

एक. समलिंगी नायक असलेली पहिली नायजेरियन कादंबरी म्हणून जिचं नाव घेतलं जातं, ती ज्यूड डिबियांची 'वॉकिंग विथ शॅडोज' २००५मध्ये आली ती लागोसमधून. परदेशी पुरस्कारांच्या वाऱ्यावर नाही. तिथल्याच वाचकांसमोर, तिथल्याच शिव्या खाऊन.

दोन. अराक द न्येको यांची 'जांबुला ट्री' ही कथा पहिल्यांदा आली 'आफ्रिकन लव्ह स्टोरीज' (२००६) या संग्रहात. त्याच्या संपादक होत्या घानाच्या अमा अटा आयडू. आयडू २०२३मध्ये गेल्या. त्यांनी १९७७मध्येच 'अवर सिस्टर किलजॉय'मध्ये या विषयाला हात घातला होता आणि तोही असा, की कुठल्याही पुरस्कार समितीला सोयीचा होऊ नये.

सिसी ही घानाची तरुण मुलगी एका आंतरराष्ट्रीय युवक कार्यक्रमात जर्मनीतल्या बव्हेरियात येते. तिथे मारिया नावाची एकटी पडलेली गोरी गृहिणी तिच्याशी मैत्री करते. नवऱ्याचं नाव अडोल्फ, तान्ह्या मुलाचंही अडोल्फच. मारिया रोज तिला पिशवी भरून प्लम देते. टपोरी, काळसर, रसाळ. आयडू त्या फळांवर रेंगाळतात आणि सिसीच्या कातडीकडे येतात. म्हणजे कोण काय खातंय हे आपल्याला उमगायला लागतं. मग एका रात्री मारिया तिला आपली शेजघराची खोली दाखवते आणि गार बोटांनी तिच्या छातीला हात लावते. सिसी झटकन तिच्या गालावर हात मारते. मारिया रडते. आणि सिसीला शाळेचं वसतिगृह आठवतं, जिथे मुली एकमेकींच्या अंथरुणात सापडल्या की परदेशी मुख्याध्यापिका आकाशपाताळ एक करायच्या.

ही आठवण आयडूंनी तिथे का ठेवली असेल? ज्यांना 'हे आमच्याकडे नसतंच' म्हणायचंय त्यांना ती आठवण गप्प करते, कारण मुलींचं प्रेम शाळेत होतंच आणि त्याला पाप ठरवायला मिशनवाल्या आल्या होत्या. आणि ज्यांना ही मुक्तीची कथा हवी आहे त्यांनाही ती हाती लागत नाही, कारण सिसी नकार देते. त्या नकारात तिची भीती किती, वसाहतीचा जुना राग किती आणि मारियाला दुखावल्यावर झालेला क्रूर आनंद किती, हे आयडू वेगळं करून सांगत नाहीत. सिसीच्या मनात तर असंही येऊन जातं की आपण पुरुष असतो तर हे किती सरळ झालं असतं.

लेखक कुठे राहतो यावरून मी कथा तोलणार नाही. तिने सोपं उत्तर टाळलं का, ते बघेन. सुखाने म्हाताऱ्या होणाऱ्या जोडप्याची गोष्ट मात्र मलाही वाचायची आहे. तेवढ्यापुरतं तुमच्याशी पूर्ण सहमत.

पाणंद, 'द शिव्हरिंग'पासून सुरू करा. एका बैठकीत होते. मग आयडू.

कातळसडा

'हे आमच्याकडे नसतंच' यावरून कायद्याची बाजू मांडतो, कारण इथे आपला थेट संबंध येतो. १८६०ची भारतीय दंडसंहिता आणि तिच्यातलं समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ हा ब्रिटिशांचा साचा होता. केनिया आणि युगांडात तर १९३०पर्यंत भारतीय दंडसंहिताच लावलेली होती, मग त्यांच्या वेगळ्या संहिता आल्या आणि कलम तसंच राहिलं. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी ते प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतं रद्द केलं. नायजेरियात जानेवारी २०१४मध्ये आणखी कडक कायदा झाला, समलिंगी विवाहाला चौदा वर्षांपर्यंत कैद. युगांडात २०२३च्या कायद्यात काही प्रकारांसाठी फाशीही आहे. बोत्स्वाना आणि अंगोला मात्र उलट दिशेने गेले, तिथे ही कलमं गेली.

नायजेरियातल्या कायद्यानंतर थोड्याच दिवसांत केनियाचे लेखक बिन्यावांगा वैनैना यांनी आपण समलिंगी असल्याचं जाहीरपणे लिहिलं. गेलेल्या आईला उद्देशून लिहिलेला मजकूर होता तो. २०१९मध्ये ते वारले.

लिंबोणींनी 'जांबुला ट्री'चा उल्लेख केला. ते झाड म्हणजे आपलं जांभूळच. कंपालाच्या वसाहतीत अन्यांगो आणि सान्यू या दोन मुली त्या झाडाखाली सापडतात. सान्यूला लंडनला धाडून देतात. कथा म्हणजे मागे राहिलेल्या अन्यांगोने तिला उद्देशून केलेलं बोलणं, सान्यू आता परत येणार असल्याचं कळल्यावरचं. इथे परदेश म्हणजे शिक्षा आहे. ज्यांच्याकडे तिकिटाचे पैसे आहेत त्या घरातली मुलगी देशाबाहेर जाते आणि गरीब घरातली मुलगी त्याच वसाहतीत, त्याच शेजाऱ्यांच्या नजरा झेलत नर्स होऊन राहते. स्थलांतराच्या कथांमध्ये न गेलेल्याची बाजू इतकी ठसठशीत क्वचितच येते.

पाऊलवाट

मी इंग्लंडमध्ये राहतो आणि आश्रय मागणाऱ्यांना मदत करणाऱ्या एका संस्थेत सुट्टीच्या दिवशी जातो. कुणाच्याही खासगी गोष्टी इथे लिहिणार नाही, पण कायदा आणि कथा यांची जी गाठ तिथे दिसते ती सांगतो.

२०१०पर्यंत ब्रिटनमध्ये समलिंगी अर्जदाराला परत पाठवताना असं म्हणायची सोय होती की तुम्ही आपल्या देशात जाऊन जपून, लपून राहा, मग काही होणार नाही. जुलै २०१०मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एका इराणी आणि एका कॅमेरूनच्या अर्जदाराच्या खटल्यात हे मोडीत काढलं. माणसाने आपली ओळख जन्मभर दडवून जगावं अशी अपेक्षा धरता येत नाही, असा तो निकाल. २०१३मध्ये युरोपीय न्यायालयाने सिएरा लिओन, युगांडा आणि सेनेगलच्या अर्जदारांच्या बाबतीत तशाच आशयाचा निर्णय दिला.

त्यानंतर भांडण सरकलं ते पुराव्यावर. तू खरंच तसा आहेस का? कधी कळलं? कुणाला सांगितलं? पहिल्यांदा काय वाटलं? अधिकाऱ्याला सुरुवात, मध्य, शेवट असलेली गोष्ट हवी असते, जिच्यात माणूस लहानपणी गोंधळतो, मग स्वतःला ओळखतो आणि शेवटी मोकळा होतो. ज्याने आयुष्यभर गप्प राहूनच जीव वाचवला, त्याला ही गोष्ट सांगता येत नाही. अडखळला की खोटा ठरतो. २०१४मध्ये युरोपीय न्यायालयाला स्पष्ट सांगावं लागलं की पुरावा म्हणून खासगी कृतीचे व्हिडिओ घेऊ नका, शरीराच्या तपासण्या करू नका. म्हणजे त्याआधी काय चालायचं याची कल्पना करा.

म्हणून कामाराबद्दल लिंबोणींनी लिहिलेलं मला लागलं. तिच्या इच्छेला नाव नाही. अशी बाई त्या टेबलापुढे बसली तर तिचा अर्ज पहिल्याच दिवशी बाद होईल. कथेत तिला नाव न देता राहता येतं. कथेचं हे काम मला फार मोठं वाटतं.

दिरिये ओस्मान यांचा 'फेअरीटेल्स फॉर लॉस्ट चिल्ड्रन' (२०१३) जरूर वाचा. लेखक सोमाली, मोगादिशूतून नैरोबी आणि तिथून लंडन असा प्रवास झालेला. पात्रं श्रद्धाळू मुसलमान आहेत, समलिंगी आहेत आणि या दोहोंपैकी एक निवडा म्हणणाऱ्यांकडे ती पाठ फिरवतात. तिसरी घंटा, तुम्हाला हवा असलेला आनंद या कथांत सापडेल. दक्षिण लंडनमधल्या त्या घरांत दुःख आहे, पण नाच आहे, कपड्यांची हौस आहे, चावटपणा आहे.

मोरोक्कोच्या अब्देल्ला ताइयांची 'सॅल्व्हेशन आर्मी'ही बघा. नायक स्विस प्रियकराच्या भरवशावर जिनिव्हाला उतरतो, घ्यायला कुणीच येत नाही आणि त्याच्या पहिल्या रात्री बेघरांच्या आसऱ्यात जातात. मुक्त जग त्याला असं भेटतं.

तिसरी घंटा

पाऊलवाट, ओस्मान यांचं पुस्तक मागवतो. आणि अधिकाऱ्याला हवी असलेली गोष्ट व प्रकाशकाला हवी असलेली गोष्ट यांचा साचा एकच आहे, हे तुमच्या लिहिण्यातून लक्षात आलं. माझी शंका होती ती नेमकी हीच.

त्याच धर्तीवर उझोडिन्मा इवेला यांच्या 'स्पीक नो ईव्हिल'बद्दल (२०१८) विचारतो. निरू हा वॉशिंग्टनमधला सुखवस्तू नायजेरियन घरातला मुलगा, हार्वर्डला जाणार असलेला. वडिलांना त्याच्या फोनवरचे संदेश सापडतात. ते त्याला मारतात आणि 'शुद्ध' करायला नायजेरियात धर्मगुरूंकडे घेऊन जातात. इथवर पुस्तक जबरदस्त आहे. मग पोलिसांच्या गोळीने निरू मरतो आणि उरलेली कादंबरी त्याच्या गोऱ्या मैत्रिणीच्या, मेरेडिथच्या तोंडून येते. काळ्या समलिंगी मुलाची गोष्ट शेवटी गोऱ्या मुलीच्या पश्चात्तापाची का व्हावी? मला तो भाग वाचवेना.

दक्षिणवारा

मला तो बदल खटकला, पण मुद्दाम खटकवलाय असं वाटतं. निरू आपल्या आवाजात बोलत असतो तोवर वडिलांचा धाक, देवाची भीती, त्याला आवडणाऱ्या डेमियनबद्दलची ओढ हे सगळं त्याचं असतं. गल्लीत पोलीस येतात तेव्हा त्यांना दिसतो तो फक्त एक काळा मुलगा आणि त्याच्याशी भांडणारी गोरी मुलगी. तो समलिंगी आहे, तिला त्याच्यापासून धोका असणं शक्यच नाही, हे त्यांना माहीत असायचं कारण नाही. ज्या ओळखीसाठी घरच्यांनी त्याचा छळ केला, ती रस्त्यावर त्याला वाचवायलाही कामी येत नाही. त्यानंतर त्याचा आवाज बंद होणं अपरिहार्य होतं. प्रश्न एवढाच की बोलायला मेरेडिथच का. वडिलांनी बोलायला हवं होतं असं मला वाटतं. मुलाला वाचवायला म्हणून ज्या माणसाने त्याला नायजेरियात नेलं, त्याच्या तोंडून ते शंभर-एक पानं ऐकणं जास्त कठीण गेलं असतं आणि ते मी वाचलं असतं.

लिंबोणी

वडिलांच्या तोंडून, हे मला पटलं. या सगळ्या लेखनात आई पुष्कळदा बोलते. ओकपारांटांच्या 'अमेरिका'तली आई मुलीला रागावते, नातवंडं होणार नाहीत म्हणून झुरते, पण तिच्याशी बोलणं तोडत नाही. बाप मात्र दारात उभा असतो नाहीतर हात उगारलेला असतो, त्याचं मन आतून दिसत नाही. अपवाद कुणाला माहीत असेल तर सांगा, मी शोधतेय.

आणि अक्वाएके एमेझी यांच्या 'फ्रेशवॉटर'वर (२०१८) अजून कुणीच लिहिलं नाही! नायजेरियातून अमेरिकेत व्हर्जिनियाला शिकायला गेलेली अदा, तिच्या शरीरात राहणारी इग्बो श्रद्धेतली ओगबांजे दैवतं आणि 'आम्ही' म्हणून गोष्ट सांगणारी तीच. कॉलेजात तिच्यावर अत्याचार होतो, त्यानंतर असुघारा नावाची शक्ती पुढे येते आणि शरीर ताब्यात घेते. आत एक पुरुषही आहे, सेंट व्हिन्सेंट. पुढे अदा शस्त्रक्रिया करून घेते ती या आतल्यांना शरीर मानवावं म्हणून. पाश्चात्त्य मानसशास्त्राची भाषा शेजारी उपलब्ध असताना लेखकाने इग्बो विश्वाची भाषा निवडली आहे आणि ती शेवटपर्यंत सोडलेली नाही. पाऊलवाट म्हणतात त्या टेबलापुढे ही गोष्ट सांगून बघा, कुठल्याच रकान्यात बसणार नाही. तिच्यावर वेगळा धागा हवा. आंबेमोहर, तुम्ही काढाल का? शरीर आणि शस्त्रक्रियेचा भाग तुम्हीच नीट मांडू शकाल.

आंबेमोहर

काढते. पुस्तक अर्धं झालंय. रविवारपर्यंत वेळ द्या.